डबी, आप्पास्ले सांग

...आणि वर पुन्हा म्हणतात, स्वस्तातले घेतले म्हणून घाटात बंद पडले. पारावर म्हणतात, दूध डेअरीवर म्हणतात, परवा तर प्रकाशा गावात केदारेश्वराच्या पायऱ्यांवर, देवाच्या दारात, हातात बेलपत्र घेऊन एक सद्गृहस्थ मला विचारतात, "काय आप्पा गुरुजी, वाचवलेले पैसे कुठे ठेवलेत?" देवाच्या दारात मी वाद घालत नाही. पण तुम्ही शांत बसला आहात, मध्ये बोलणारे दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो... यंत्रात दोष नव्हता.

यंत्र म्हणजे वॉकीटॉकी. पोलिसांच्या खांद्यावर असते ते. बटण दाबायचे, बोलायचे, बटण सोडायचे, ऐकायचे. एवढेच. बोलताना ऐकू येत नाही आणि ऐकताना बोलता येत नाही. मी आयुष्यभर वर्गात हेच शिकवले, तीन पिढ्यांना जमले नाही, ते एका हातभर सुद्धा नसलेल्या डबीला जमते. अशा वस्तूला नावे ठेवणारे कोण? ज्यांना बसच्या रांगेत उभे राहता येत नाही, ते.

पण मी विषय सोडणार नाही. थोडक्यात सांगतो.

मूळ गोष्ट यंत्राची नव्हेच, मूळ गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, बेबीबाईची, आम्ही तिला आक्का म्हणतो. ती लहान असताना वडिलांनी तिला बैलगाडीने आणि मग पायी, सातपुडा ओलांडून, नर्मदेच्या काठी शूलपाणेश्वराला नेले होते. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पुढे धरण झाले, मणिबेलीकडचे ते देऊळ पाण्याखाली गेले, वडीलही गेले, आक्काचे यजमान गेले, आणि आता आक्का नंदुरबारला मुलाकडे असते, दुसऱ्या मजल्यावर, आणि गॅलरीत बसून उत्तरेकडे पाहते. गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. ती टाकीकडे पाहून हात जोडते. सून विचारते, आई, टाकीला काय नमस्कार? आक्का म्हणते, टाकीना मांगे नर्मदामाय शे.

तर ती मला म्हणाली, "आप्पा, एक डाव नर्मदामाय देखाडी दे. गुडघा आजून साथ दी ऱ्हायनात. पुढला वरीसना भरोसा नही."

मी म्हटले, जाऊ. आमचे भजनी मंडळ दरवर्षी कुठेतरी जातेच, दोन जीप करतो, पुढच्या जीपमध्ये पुरुष, मागच्या जीपमध्ये स्त्रिया. या वर्षी अक्कलकुवा, मोलगी, काठी आणि पुढे उतरून नर्मदा, तिथून नावेने मणिबेलीपर्यंत. ठरले. आणि तेवढ्यात आक्काचा मुलगा, माझा भाचा भूपेंद्र, विमा कार्यालयात नोकरीला आहे, त्यामुळे अपघाताखेरीज दुसरे काही त्याला दिसत नाही, तो म्हणाला, "मामा, आई येणार नाही."

"का?"

"घाट लागला की मोबाइलला रेंज नाही. दोन गाड्या. आई एका गाडीत, तुम्ही दुसऱ्या. तिला मध्येच काही झालं तर मागची गाडी पुढच्या गाडीला कळवणार कसं? टाळ वाजवून?"

उद्धट आहे, पण मुद्दा खरा होता. खऱ्या मुद्द्यापुढे वयाने मोठ्या माणसाने मान तुकवावी. मी तुकवली. मी म्हटले, "दोन्ही गाड्यांत सतत संपर्क राहील, याची व्यवस्था मी करतो. आणि तुला शब्द देतो, वाटेत संपर्क तुटला, तर तिथून एक पाऊलही पुढे जाणार नाही. गाड्या परत."

हा शब्द लक्षात ठेवा. मी दिलेला शब्द मोडत नाही. पुढे जे झाले ते या शब्दामुळे झाले, यंत्रामुळे नव्हे. यंत्रात दोष नव्हता.

मग नंदुरबारला परवेजच्या दुकानात गेलो. बरोबर आमच्या मंडळाचा मृदंग वाजवणारा नवल. त्याला नेले ही माझी चूक, कारण नवलला दुकानात गेले की प्रत्येक वस्तू वाजवून पाहावीशी वाटते. परवेजने आधी एक जोडी काढली, गुलाबी, वर अस्वलाचे चित्र. नवल म्हणाला, "गुरुजी, हाई मस्त शे, हलकं शे, बायास्ना हातमा शोभी." मी म्हटले, हे खेळणे आहे. परवेज म्हणाला, "सर, खिलौनाच आहे, पण एका वरातीवाल्याने नेला, नवरदेवाची घोडी पुढं आणि बॅंड मागं, दोघांचं बराबर जमलं." मी म्हटले, मला घोडी न्यायची नाही.

मग त्याने दुसरे काढले, काळे, लांब शेंडीचे, जड. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, हे पॉवरफुल. डोंगराच्या पलीकडं बोला. आणि कधी कधी यावर दुसऱ्यांचं पण ऐकायला येतं... मोठ्या लोकांचं." मी विचारले, याला परवाना लागतो का? परवेज म्हणाला, "लागतो, पण विचारतं कोण?" मी म्हटले, मी विचारतो. दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे ही चोरीच, आणि देवदर्शनाला चोरीचे साधन चालत नाही. नवलला फार वाईट वाटले. त्याला ऐकायचे होते.

शेवटी तिसरी जोडी निघाली. साधी. परवाना न लागणारी. मोबाइलच्याच चार्जरवर चालणारी. पट्ट्याला अडकवायचा चिमटा, टोकाला उजेडाची छोटी बॅटरी, पाण्याचे शिंतोडे सोसणारी. खोक्यावर लिहिले होते, पल्ला आठ किलोमीटर. मी परवेजकडे पाहिले. मी पाहिले की विद्यार्थी खरे बोलतात, तो माझा विद्यार्थी नव्हता तरी बोलला. म्हणाला, "सर, आठ म्हणजे समुद्रात. शेतात दोन धरा. डोंगर आडवा आला की अर्धा पण देव पावला समजा." हा खरा व्यापारी. खोक्यापेक्षा कमी सांगणारा माणूस आज मिळतो कुठे?

त्याने तिथेच चालवून दाखवले. एक डबी वर घरात पाठवली, दुसरीत म्हणाला, "गजाला, सर आलेत, चहा पाठव." वरून आवाज आला, स्पष्ट, अगदी शेजारी उभे राहिल्यासारखा, "दूध नहीं है, और आपके सर कल भी आए थे, परसों भी आए थे, कुछ लेते तो हैं नहीं." परवेजने डबीवर हात ठेवला. पण हात ठेवून काय उपयोग, आवाज स्वच्छ होता. मी तत्क्षणी ती जोडी घेतली. ज्या यंत्रातून सत्य इतके स्पष्ट येते, त्यात आणखी काय तपासायचे? स्वस्त म्हणजे हलके नव्हे. स्वस्त म्हणजे जरुरीपुरते. आणि जरुरीपुरते असणे हे यंत्रालाही शोभते आणि माणसालाही.

गावी आल्यावर मी चाचणी घेतली. मी देवळाच्या ओट्यावर, नवल डबी घेऊन तापीच्या बाजूला चालत निघाला. "गुरुजी, आते मी पाटवर शे... आते जसोदाबाईना मळामा शे... आते जसोदाबाई मन्हाकडे देखी ऱ्हायनी... आते ती माले इचारी ऱ्हायनी, येडा व्हयना का..." सर्व ऐकू आले. जसोदाबाईसुद्धा ऐकू आली. सांगा, दोष कुठे होता?

मग नियम केले. नियमाशिवाय यंत्र म्हणजे माकडाच्या हातची आरती. पहिला नियम, बोलणे संपले की लोक 'ओव्हर' म्हणतात, आपण 'हरि ॐ' म्हणायचे, म्हणजे समोरच्याला कळेल की आता त्याने बोलावे, आणि तेवढेच नामस्मरण. दुसरा नियम, एका गाडीत यंत्र एकाच्याच हाती, बाकी कोणी स्पर्श करायचा नाही, मग आकाश कोसळो. हा दुसरा नियम आक्कामुळे करावा लागला. तिला सरावाला डबी दिली तर तिने बटण दाबले ते दाबलेलेच, फोनसारखे कानाला लावून बोलतच राहिली, पापडाचे पीठ, भूपेंद्रचा पोटाचा घेर, सुनेची भाजी, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणते, "आप्पा, तुन्ही डबी मुकी शे. मी येवढं बोलनू, काहीच उत्तर नही." मी म्हटले, "आक्का, तू बटण सोडले असते तर आले असते." ती रुसली. म्हणाली, "राहू दे. मी आते हातबी लावनार नही." बरे झाले, असे मला तेव्हा वाटले.

मग प्रश्न आला, स्त्रियांच्या जीपमधले यंत्र कोणाच्या हाती द्यायचे? मी विचार केला. ज्याच्या जिभेवर ताबा, त्याच्या हाती यंत्र. आणि अशी व्यक्ती आमच्याच घरात होती. रंजनाबाई. माझा धाकटा भाऊ योगेंद्र, त्याची पत्नी. तुम्हाला सांगतो, लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून आजतागायत माझ्यासमोर तिचा पदर डोक्यावरून घसरला नाही, आणि तिचा आवाज... तिचा आवाज मी ऐकलेलाच नाही. मी ओसरीत असेन तर ती मागच्या दाराने जाते. मला पाणी हवे असेल तर तांब्या दारात येतो, हात दिसतो, बांगडी दिसते, माणूस दिसत नाही. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कसे राहावे हे आजकालच्या मुलींनी तिच्याकडून शिकावे. अशी मितभाषी, शिस्तीची, संयमी स्त्री. यंत्र तिच्या हाती दिले. योगेंद्रने घरात तिचा सराव घेतला, मला येऊन म्हणाला, "आप्पा, एकदम स्पष्ट बोलस ती." माझे समाधान झाले.

तुम्ही हसू लागलात. थांबा. मला तेव्हा सुचले नाही, आणि नवललाही सुचले नाही, आणि स्वतः योगेंद्रलाही सुचले नाही, नाहीतर तो आला असता आणि सगळे सुरळीत झाले असते. पण त्याच दिवशी केळीला पाण्याची पाळी आली आणि तो मागे राहिला.

होळी नुकतीच होऊन गेलेली. तळोद्याहून जीप घेतल्या, कारण घाट तिकडच्याच चालकांना कळतो. आमच्या जीपवर वीरसिंग, मागच्या जीपवर त्याचा भाऊ. निघताना भूपेंद्र नंदुरबारहून मोटारसायकलवर आला, आक्काच्या पाया पडला, तिच्या हातात लिंबू दिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, शब्द." मी म्हटले, "शब्द." आक्का मागच्या जीपमध्ये खिडकीशी बसली होती. तिने नवे लुगडे नेसले होते. हिरवे. मी इतक्या वर्षांत तिला हिरवे नेसलेले पाहिले नव्हते. ओटीत नारळ होता, तो ती दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू तोच पळून जाईल.

अक्कलकुव्यापर्यंत मोबाइल चालत होते, यंत्राची गरज पडली नाही. घाट सुरू झाला, वळणे सुरू झाली, मोबाइलवरच्या काड्या एक एक करून गेल्या. मी यंत्र हाती घेतले. घसा साफ केला. बटण दाबले. म्हटले, "मागील जीप, आपण मागे आहात का? हरि ॐ."

बटण सोडले, यंत्र कानाशी नेले.

"मागील जीप. आवाज पोहोचतो का? हरि ॐ."

यंत्रातून खर्र असा आवाज आला... आणि बंद. पुन्हा विचारले. पुन्हा खर्र... आणि बंद. म्हणजे तिकडून कोणी बटण दाबते आहे, सोडते आहे, आणि शब्द नाही. नवल म्हणाला, "गुरुजी, बिघडनं." मी म्हटले, बिघडले नाही, तुझा आवाज मी यावरूनच तापीच्या काठावरून ऐकला आहे. नवल म्हणाला, "मंग माले बोलू द्या." मी म्हटले, नियम. यंत्र एकाच्याच हाती. तो म्हणाला, "मंग गाडी थांबाडा." चढावर गाडी थांबवता येत नव्हती.

वीरसिंगने आरशात पाहिले. म्हणाला, "गाडी मागं हाय, गुरुजी. धूळ दिसते ना."

मी म्हटले, "धूळ हा पुरावा नव्हे."

"मग कोणाची धूळ हाय ती?"

"गाडी असेल. पण मी भूपेंद्रला धुळीचा शब्द दिला नव्हता. संपर्काचा दिला होता."

वीरसिंगने नवलकडे पाहिले. नवलने बाहेर पाहिले. बाहेर पळस फुलला होता, पण कोणाचे लक्ष नव्हते. मी दर वळणावर विचारत गेलो, दर वळणावर खर्र... आणि बंद. तुम्हाला सांगतो, त्या खर्रमध्ये मला अपघात दिसले, दरी दिसली, भूपेंद्रचा चेहरा दिसला, आणि सर्वांत वाईट, तो हिरवा पदर दिसला. काठी गावाच्या अलीकडे रस्ता थोडा रुंद झाला तिथे मी गाडी थांबवायला सांगितली. उतरलो. डोळे मिटून एकदा देवाचे नाव घेतले, तो म्हणाला नाही की शब्द मोड. देव असे कधी म्हणत नाही, ही अडचणच आहे. बटण दाबले आणि म्हणालो, "मागील जीप. संपर्क तुटला आहे. दिलेल्या शब्दाप्रमाणे दोन्ही गाड्या येथून परत फिरतील. आक्काला सांगावे, माझा नाइलाज आहे. हरि ॐ."

आता त्या वेळी मागच्या जीपमध्ये काय चालले होते ते मला आक्काने नंतर सांगितले. माझे प्रत्येक वाक्य तिथे स्वच्छ पोहोचत होते. पहिल्या हाकेला रंजनाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दुसऱ्या हाकेला तिने बटण दाबले, म्हणजे मी आहे, ऐकले, आणि सोडले. जेठाला उत्तर कसे द्यायचे? बाकीच्या बाया म्हणाल्या, रंजना, बोल ना वं. ती म्हणाली, "कशी बोलू? आप्पा शेतस." दुसरीने हात पुढे केला तर ती म्हणाली, नियम शे, आप्पास्ना नियम शे. आणि ती दुसरी तरी काय बोलणार होती, गावनात्याने मी तिचाही जेठच. राहिली आक्का. ती लिंबू चोखत डोळे मिटून पडलेली, घाटाने बेजार. माझे ते शेवटचे वाक्य आले तेव्हा तिने डोळे उघडले. रडली नाही. नारळ ओटीतून काढून बाजूच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे रंजना. तू नको बोलू. मन्हा नशिबमा टाकीच शे."

आणि मी इकडे रस्त्यावर उभा, यंत्र हातात, तेवढ्यात यंत्रातून एक आवाज आला. मी तो कधी ऐकला नव्हता. मला वाटले, कोणत्या तरी परक्या बाईचा आवाज मध्ये घुसला.

"ए डबी."

मी यंत्राकडे पाहिले.

"ए डबी, मी आप्पास्ले नही बोली ऱ्हायनू. मी कोनलेच नही बोली ऱ्हायनू. मी तुले बोली ऱ्हायनू. तू आप्पास्ले सांग, गाडी मांगेच शे. दोन वळण मांगे शे. तुमनी धूळ खाई ऱ्हायनूत आम्ही. आक्काले उलटी व्हयनी व्हती, आते बरी शे. आनि डबी, सांग, आठून परत फिरनं नही. आक्का नर्मदामाय देखाले निंघेल शे, ते नर्मदामाय देखीसनच घर येसूत."

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे जेठाशी बोलायची वेळ आलीच तर बायका भिंतीला सांगतात, खांबाला सांगतात, पाळण्यातल्या मुलाला सांगतात, आणि जेठ ते ऐकतो. माझ्या आईने माझ्या काकांशी अशीच चाळीस वर्षे भिंतीमार्फत चर्चा केली. मला हे ठाऊक होते. पण यंत्र विकत घेताना आठ किलोमीटर, चार्जर, चिमटा, शिंतोडे सर्व पाहिले, आणि हे पाहिले नाही की ही भिंत नव्हे, हे थेट कानाशी बोलणे आहे, आणि कान जेठाचा आहे. यंत्रात दोष नव्हता.

मी बटण दाबून म्हणणार होतो की ठीक, समजले, पण म्हणता येईना, कारण तिने बटण सोडलेच नव्हते.

"आनि डबी, हाई बी सांग. तळोदापाशीन बाया गाडीमाच बठेल शेतस. आप्पास्नी संध्या व्हयनी, नवलदादानी तमाखू व्हयनी, गाडी थांबनी. बायास्नासाठे नही थांबनी. बायाबी मानसं शेतस, धान्यना पोता नहीत. आनि सांग, भजनमा बायास्ले मांगे बसाडतस, ते मांगे काहीच आयकू येत नही, फक्त नवलदादाना मृदंग आयकू येस. आनि सांग, वरणमा मीठ कमी ऱ्हायनं ते ताट तसंच परत येस, तोंडथून सांगत नहीत, मंग माले कसं समजी, मीठ कमी का जास्त? येवढा वरीस मी अंदाजवर मीठ टाकी ऱ्हायनू..."

आणि तेवढ्यात वळणावरून त्यांची जीप आली. आमच्यापासून दहा पावलांवर थांबली. तिने मला पाहिले. पदर आणखी पुढे ओढला, तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवले, आणि बोलत राहिली. यंत्राला. आता मला ते दोनदा ऐकू येत होते, एकदा जीपमधून आणि एकदा हातातून, आणि दोन्हीकडून सारखेच खरे होते. वीरसिंग स्टिअरिंगवर डोके ठेवून हसत होता. नवल हसत नव्हता, मृदंगाचा उल्लेख त्याला लागला होता. मी उभा राहिलो. दुसरा उपाय नव्हता. समोरचा बोलत असेल तोवर आपण ऐकायचे, यंत्राची रचनाच तशी आहे, आणि माणसाची रचना तशी असती तर मला कितीतरी आधी कळले असते की मिठाचे काय करायचे.

शेवटी ती म्हणाली, "...बस. येवढंच. हरि ॐ."

नियम पाळला. बघा. सर्व नियम पाळले तिने.

मी विचार केला. जेठाने तरी भावजयीला थेट कसे बोलावे? मीही कधी बोललो नव्हतो. मी बटण दाबले आणि म्हटले, "डबी, त्यांना सांग. संपर्क तुटलेला नाही. मी भूपेंद्रला दिलेला शब्द शाबूत आहे. गाड्या पुढे जातील. आणि... त्या पलीकडे झाडी आहे, तिथे दोन्ही गाड्या थांबतील, पुरुष मंडळी या बाजूला तोंड करून उभी राहतील. हरि ॐ."

मागच्या जीपमध्ये बायांनी टाळ्या वाजवल्या. आक्काने सीटवरचा नारळ पुन्हा ओटीत घेतला.

नर्मदेच्या काठावर नावाड्याने सांगितले, एका वेळी अर्धीच माणसे. मी म्हटले, आधी स्त्रिया. त्या गेल्या. दुसऱ्या फेरीला आम्ही जाणार होतो, पण दुपारचा वारा उठला, पाण्यावर लाटा आल्या, आणि नावाडी म्हणाला, त्यांना परत आणतो, दुसरी फेरी आज नाही. तर मी काठावरच. मला दर्शन काठावरूनच झाले म्हणायचे. नाही, तसे नाही. डबीतून झाले. कारण पाण्यावर आडवे काही नसते, आवाज घाटापेक्षा चांगला येत होता.

"डबी, आप्पास्ले सांग, नाव पानीना मझारमा उनी... डबी, आप्पास्ले सांग, नावाडी सांगी ऱ्हायना, आठे खाले देऊळ व्हतं... डबी, सांग, आक्काने चपला काढ्यात. म्हनस, खाले देव शे, वरथून पाय कसा लावू? पाय वर लीसन मांडी घालीसन बठनी. चपला मांडीवर ठेवेल शेत. आते सर्व्यास्नी चपला काढ्यात. नावाडीनी बी काढी."

मी काठावर उभा होतो. मी इतकी वर्षे पूजा करतो. मला हे सुचले नसते. मी काठावर चपला काढल्या. का, ते मला विचारू नका, माझ्या पायाखाली काही नव्हते, वाळू होती.

"डबी, आक्काने नारळ पानीमा सोडी दिना. आक्का रडी ऱ्हायनी. पन आप्पास्ले सांग, चांगलं रडी ऱ्हायनी. घाबरानं नही."

मी बटण दाबले. बोलायचे होते. तसेच सोडले. खर्र झाले असेल तिकडे... आणि बंद. पुन्हा दाबले आणि म्हटले, "डबी, त्यांना सांग, आक्काकडून माझाही एक नमस्कार घालून घ्या. हरि ॐ."

एवढेच झाले. परत आलो तर नवलने गावात सांगून टाकले, घाटात यंत्र बिघडले होते. आमच्या घराची अब्रू राखायला सांगितले त्याने, हेतू शुद्ध होता. पण आता मी काय करू? खरे सांगावे तर घरातली गोष्ट पारावर जाते, गप्प बसावे तर लोक म्हणतात, गुरुजींनी स्वस्तातले घेतले. यंत्रात दोष नव्हता, एवढेच मी म्हणतो, आणि लोक मान हलवतात, म्हणजे पटलेले नसते.

आक्काला भूपेंद्र न्यायला आला. तिने त्याला सगळे सांगितले, भिंतीमार्फत नव्हे, थेट, आणि तो मला म्हणाला, "मामा, माझ्याकडेही अशी एक जोडी द्या, सासूबाई येणार आहेत." मी म्हटले, तुझी परिस्थिती यंत्राने सुधारणारी नाही.

आमच्याकडची जोडी आता घरीच आहे. एक डबी स्वयंपाकघरात असते, एक माझ्या ओसरीत. परवेजने सांगितले तसे एक चार्जिंग दोन दिवस पुरते, पण आमच्याकडे संध्याकाळपर्यंत संपते. "डबी, आप्पास्ले सांग, चहा ठेवेल शे." "डबी, सांग, वरणमा मीठ कसं शे?" मी म्हणतो, किंचित कमी, हरि ॐ. ती म्हणते, आते सांगं, ते समजनं ना. रंजनाबाईचा पदर अजून तसाच आहे, ती अजून मागच्याच दाराने जाते, मला अजून फक्त बांगडीच दिसते. योगेंद्र म्हणतो, आप्पा, ती माझ्याशी सुद्धा इतके बोलत नाही. भजनाला बाया आता पुढे बसतात. नवल भिंतीला टेकून मृदंग वाजवतो, आणि खरे सांगायचे तर तिथून तो बरा वाटतो.

मी या मंडळाचा अध्यक्ष आहे. यात्रा कुठे जायची, कधी जायची, किती गाड्या, कोण कुठे बसेल, हे सर्व निर्णय माझे. काल सकाळी पूजा आटोपून ओसरीत बसलो होतो. पुढच्या वर्षी गिरनारला जायचे ठरले आहे, आणि पुढच्या जीपमध्ये बाया बसणार आहेत. डबीने मला तसे कळवले.